आहेराचा टॉवेल

रंगूबाईंनी ट्रंकेतून काढलेला टॉवेल बघितला मात्र, आणि लालासाहेबांच्या तोंडातला विडा तोंडातच राहिला. हिरव्या काठाचा, जाडजूड सोलापुरी. अकरातला नेमका तोच निघावा!

म्हसवडचे नानासो आज सुपारी फोडायला वाळव्याला आले होते. त्यांनी आपल्या मुलासाठी लालासाहेबांच्या अंजनाला पसंत केलं होतं. होणाऱ्या व्याह्याला टॉवेल-टोपी द्यायची ही इकडची रीतच. आणि आहेराच्या टॉवेलनं कुणी अंग थोडंच पुसतं? या लग्नात आलेला त्या बारशात द्यायचा, तोही घडी न मोडता. रंगूबाईंच्या ट्रंकेत असे अकरा टॉवेल होते आणि त्यांना हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती.

लालासाहेबांनी हात लावला होता. कारण मेमसाब.

मेमसाब म्हणजे ब्राझीलची कोळीण. तळहाताएवढी, अंगभर केसाळ. लालासाहेबांचा धाकटा भाऊ केरबा बोटीवर खलाशी होता. चौऱ्याहत्तर साली त्यानं ती बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून आणली, आणि फौजेतून नुकतेच पेन्शनीवर आलेल्या हवालदार लालासाहेबांचा तिच्यावर जीव जडला. स्वतः झुरळं पकडून भरवायचे, आता बोला! बाई चावत नसे, पण राग आला की मागचे पाय पोटावर खसाखसा घासायची. त्यासरशी बारीक केस उडायचे, आणि ज्याला लागतील तो दिवसभर खाजवून बेजार व्हायचा.

म्हणून डबा साफ करताना तिच्यावर जाड फडकं टाकावं लागे. गेल्या शनिवारी ते फडकंच सापडेना. रंगूबाई बाजारला गेलेल्या. हवालदारांनी ट्रंकेतला टॉवेल काढला, काम उरकलं, आणि फौजी शिस्तीनं मूळच्या घडीवर घडी घालून तो जागच्या जागी ठेवून दिला.

"आवं, बघत काय बसलाय? घाला की पाव्हण्यांच्या गळ्यात," रंगूबाई म्हणाल्या.

"ह्यो नगं. दुसरा काढ. ह्यो जुना वाटतोय."

"जुना? घडी तरी मोडलीया का त्याची?"

नव्हतीच मोडलेली. आपल्या शिस्तीचा लालासाहेबांना जन्मात पहिल्यांदा राग आला. पाहुण्यासमोर जास्त काय बोलणार? देवाचं नाव घेऊन त्यांनी टॉवेल नानासोंच्या गळ्यात घातला.

पाच मिनिटं बरी गेली. मग नानासोंनी मान खाजवली. मग कानामागं खाजवलं. चहाची कपबशी खाली ठेवून ते दोन्ही हातांनी सुरू झाले.

"ह्ये काय वो, हवालदार? अंगाची नुसती आग व्हायला लागलीया."

"उसाची कूस असंल," लालासाहेब घाईघाईनं म्हणाले. "आमच्याकडं पाल्यावरची बारीक कूस वाऱ्यावर बी उडती."

"म्या फाट्यापासनं जीपमधनं आलोय. आन आमच्या म्हसवडला ऊस बघायचा तर रसवंतीत. कूस कुठली लागती?" नानासोंची मान टोमॅटोसारखी लाल झाली होती. त्यांनी खाजवायचं थांबवलं आणि आवाज खाली आणला. "खरं सांगा. घरात खरूज हाय का?"

"अगं बया!" रंगूबाईंनी तोंडाला पदर लावला.

"पोरगी लय चांगली हाय, पर खरजेच्या घरातनं सून न्यायची म्हंजी..." नानासो उठून चपला शोधायला लागले.

लालासाहेब दोन्हीकडून अडकले. सांगावं, तर कोळीण पाळणारं येडं घर म्हणून सोयरीक मोडणार. न सांगावं, तर खरजेचं घर म्हणून मोडणार, आणि सगळ्या माण तालुक्यात बोभाटा होणार तो वेगळाच. अंजनाला मुलगा मनापासून आवडला होता. परवापासून ती चुलीपुढं गुणगुणत होती आणि ते ऐकून बापाचं काळीज सुपाएवढं झालं होतं.

"थांबा!" हवालदार परेडवर ओरडावं तसे ओरडले. "खरूज न्हाई. मेमसाब हाय!"

"मेमसाब?"

रंगूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. लालासाहेबांनी आतून डबा आणून झाकण उघडलं, आणि नानासो एका पायातल्या चपलेसकट बाजेवर चढले. ते वर आणि हवालदार खाली, अशा अवस्थेत शनिवारची सगळी हकिकत सांगून झाली. ट्रंकेचा विषय निघाला तेव्हा रंगूबाईंनी नवऱ्याकडे असं काही बघितलं, की त्यापेक्षा मेमसाब परवडली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून अंजना आली. तिच्या हातात कणकेचा गोळा होता.

"मामा, खाजवू नगासा. खाजवलं की क्यास आत शिरत्यात. खाली बसा आन मान वाकवा."

नानासो निमूटपणे बसले. तिनं मळलेली कणीक त्यांच्या मानेवरून हळूहळू फिरवली, चिकटलेले केस उचलून घेतले, मग खोबरेल लावलं. "आबांचं तर कायमचंच हाय ह्ये," ती म्हणाली.

नानासोंचे डोळे मिटायला लागले. मग एकदम उघडले. "पोरी, ती कणीक पोळ्यांची न्हाई न्हवं?"

"न्हाई वो मामा. चुलीत टाकते."

"मग झ्याक! आसल्या बापाला संभाळती, ती आमच्या घरात कशाला बिचकंल? फोडा सुपारी!"

लालासाहेबांना रडू आवरेना. निघताना नानासोंनी तो टॉवेल काठीनं उचलला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून बरोबर घेतला. "राहू द्या की तो, दुसरा देते," असं रंगूबाई परोपरीनं सांगत होत्या.

"आहेर परत करत न्हाईत, विहीणबाई," ते म्हणाले. केवढं मोठं मन, असं लालासाहेब त्या दिवसापासून गावभर सांगत सुटले.

वैशाखात म्हसवडला लग्न लागलं. मग व्याहीभेट. फोटोवाला पुढं सरसावला, पाहुण्यांनी कडं केलं. नानासोंनी लालासाहेबांना कडकडून मिठी मारली आणि घडी न मोडलेला, हिरव्या काठाचा जाडजूड टॉवेल त्यांच्या गळ्यात घातला.

"हवालदारसाहेब, अजिबात हलू नका," फोटोवाला ओरडला.

लालासाहेब हलले नाहीत. सावधानमध्ये उभ्या उभ्या, ओठ न हलवता त्यांनी विचारलं, "व्याही, धुतलाय न्हवं?"

नानासोंनी टॉवेलची दोन्ही टोकं धरून तो त्यांच्या मानेला चांगला घासून बसवला.

"खुळं का काय तुमी? आहेराचा टावेल कवा कुनी धुतोय व्हय?"