लसणाचा आळ

मुलगी बघायला जायचं ठरायला आणि अनेकांतच्या मानेवर गजकर्ण उठायला एकच गाठ पडली. दुकानात खिळे तोलताना त्याचा एक हात तराजूवर, तर दुसरा कॉलरखाली. सगळी मलमं हरली, तेव्हा त्याच्या आईनं, अक्काताईंनी, घाण्यावरून लिंबोळीचं तेल आणलं.

तेल मोठं गुणाचं, पण वास थेट ठेचलेल्या लसणाचा. अनेकांत कुरकुरला.

"वासाशी लगीन लावायचं हाय व्हय? गप बस," अक्काताई म्हणाल्या आणि रोज स्वतःच्या हातानं मान चोळत राहिल्या. मुलीच्या गावी, कोडोलीला निघायच्या सकाळीही त्यांनी नेम मोडला नाही. अनेकांतनं वरून अत्तर शिंपडलं, पण तेलापुढं त्याची डाळ शिजली नाही.

मुलीचे वडील कल्लाप्पा यांच्या सोप्यात बैठक बसली. आदिती बिनकांद्याचे पोहे घेऊन आली, त्याच्याकडे बघून जराशी हसली, आणि जन्म काढावा तर हिच्याबरोबरच, हे अनेकांतनं तिथंच ठरवून टाकलं. तेवढ्यात कोपऱ्यात घोटा खाजवत बसलेल्या तिच्या आज्जींनी नाक वर केलं. त्या घराण्यात कांदा-लसूण कधी उंबऱ्याच्या आत आला नव्हता.

"पावणं, लसूण खाता व्हय?"

"न्हाय की." बोलताना तो पुढं वाकला आणि वास त्याच्याही पुढं गेला. कल्लाप्पांनी परतीची गाडी किती वाजता आहे, अशी चौकशी सुरू केली.

इकडे आड, तिकडे विहीर. लसूण कबूल करावा तर सोयरीक मोडली, आणि गजकर्ण सांगावं तर असला जावई कोण पत्करणार? पण आदितीचं हसू मावळलेलं दिसलं आणि त्यानं विहिरीत उडी घेतली.

"आज्जी, मानेला गजकर्ण हाय. लिंबोळीचं तेल लावतोय."

"दावा बघू."

त्यानं कॉलर खाली ओढली. कल्लाप्पांनी चष्मा चढवला. मान लख्ख, डाग म्हणून औषधालाही नाही. तेलानं काम इतकं चोख केलं होतं की साक्षीदारच उरला नव्हता. बरं झालं तरी तेल थांबवायचं नाही, हा अक्काताईंचा शिरस्ता, त्यामुळे खुद्द अनेकांतलाही पत्ता नव्हता.

"खाल्ला तर खाल्ला," आज्जी म्हणाल्या. "वर आणि खोटं कशाला?"

शेजारी बसलेल्या अक्काताईंनी पिशवीतून तेलाची बाटली काढली आणि बूच उघडून आज्जींसमोर धरली. सोपा घमघमला. आज्जींनी बाटली हुंगली, मान हुंगली, पुन्हा बाटली हुंगली. आदिती हळूच म्हणाली, "आज्जी, तुझ्या घोट्याला पण लावून बघूया की."

आज्जींचा खाजवणारा हात थांबला. त्यांनी नातीकडे बघितलं, मग त्या लख्ख मानेकडे.

"पोरगं खरं बोलतंय," त्या कल्लाप्पांना म्हणाल्या. "सोयरीक करा. बाटली मात्र हितंच ऱ्हाऊ द्या."

लग्नात जेवणाच्या पंगतीत एका पाहुण्यानं नाक वर केलं. लसूण कुणी खाल्लाय, म्हणून त्यानं विचारलंच. आज्जींनी आपला घोटा लुगड्याखाली ओढून घेतला आणि शांतपणे नवरदेवाकडे बोट दाखवलं.