पाचव्या प्रकरणातले पाहुणे

माझ्या पहिल्या कादंबरीच्या पाचव्या प्रकरणात मिरजेचे भालूकाका आणि नलूकाकू राहायला आले. आगाऊ कळवलं नव्हतं. सकाळी फाइल उघडली, तर नायिकेच्या परदेशातल्या, ल्युब्लियानातल्या खोलीत सतरंजी अंथरलेली आणि काका तिच्यावर बसून पायमोजे चढवत होते.

नायिका शर्वरी. ल्युब्लियानात मी स्वतः नोकरीला होते, त्यामुळे यान नावाचा नायक अगदीच मनाने रचलेला नव्हता. खऱ्या यानचं नाव मी सांगत नाही. पाचव्या प्रकरणात यान शर्वरीचा हात हातात घेणार होता. आता दोघांच्या मध्ये काकू चिवड्याचा डबा घेऊन बसली होती.

मी मिरजेला चुलतभावाला फोन लावला.

"आईबाबा तुझ्या कादंबरीत आहेत ना? बरं झालं," केदार म्हणाला. "इथे उकाडा फार. बाबांची गुडघ्याची पट्टी राहिलीय, तेवढी लिहून टाक."

मी पट्टी लिहिली. मग प्रकाशनाच्या संपादक टिपणीसबाईंना कळवलं.

"पहिल्या पुस्तकात येतंच कुणीतरी," त्या म्हणाल्या. "एकीच्या प्रेमकथेत सासूबाई ठाण मांडून बसल्या होत्या. पाहुण्यांना खोडायचं नसतं. शेवट ठरलाय?"

"हो. तो व्हिएन्नाच्या गाडीत बसतो. दोघंही काही बोलत नाहीत."

"का बरं?"

"झालं तसंच म्हणून."

फोन ठेवल्यावर मला रडू आलं. चांगली पोटभर रडले.

कादंबरी मराठीत असल्यामुळे भाषेची अडचण आली नाही. काकांनी यानला पगार विचारला, गोत्र विचारलं. पगार त्याने लगेच सांगितला. गोत्र घरी विचारून कळवतो म्हणाला. काका खूश झाले.

"अगं बये," काकू मला म्हणाली, "इतका गुणी पोरगा, आणि त्याला गाडीत बसवतेस?"

"काकू, शेवट ठरलाय."

"कुणी ठरवला?"

"मीच."

"मग बदल की! हात दुखतात का तुझे?"

"पाहुणे आहात, पाहुण्यांसारखं राहा," मी फटकन बोलले. काकू फुगून बसली आणि अख्खं सातवं प्रकरण तिने कुणाला चहा दिला नाही.

शेवटचं प्रकरण स्टेशनवर होतं. गाडी लागली. यानने बॅग उचलली. शर्वरी गप्प. तेवढ्यात काकू वाटी घेऊन लगबगीने आली.

"थांब रे बाळा. प्रवासाला निघालास ना? हात पुढे कर."

तिने त्याच्या उजव्या तळहातावर चमचाभर दहीसाखर ठेवली. आपल्याकडे शेंबडं पोरही ती चाटून मोकळं होतं. यानला कुणी सांगितलंच नव्हतं. काहीतरी सांभाळायला दिलंय अशा समजुतीने त्याने बॅग खाली ठेवली आणि तो हात पसरून उभा राहिला. तिकीट उजव्या खिशात होतं. तसल्या हाताने तिकीट काढता येईना.

गार्डने शिट्टी मारली. 'यानने दही खाल्लं' एवढं लिहिलं असतं तरी गाडी मिळाली असती. बोटं कळफलकावरच होती माझी. मी काही लिहिलं नाही. गाडी सुटली.

"ते खायचं असतं," शर्वरी म्हणाली.

"खाल्लं की काय होतं?"

"माणूस सुखरूप परत येतो."

"आणि गेलाच नाही तर?"

शर्वरीने माझ्याकडे पाहिलं. मी काही सुचवलं नाही.

"मग राहा," ती म्हणाली. "मला तू हवा आहेस."

यानने दही खाल्लं. काका तिकिटाचे पैसे परत मिळतात का ते बघायला खिडकीकडे गेले.

मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"आता तू कशाला बसलीस?" काकू पदराला हात पुसत म्हणाली. "कर त्याला फोन. आम्ही आहोत इथे, पोरांकडे बघतो."

मी नंबर लावला. खऱ्याने दुसऱ्याच रिंगला उचलला.