उणे पाण्याच्या धरणाची हकीकत

श्री. आधी शून्यास दंडवत, मग एकास, की या दोहोंपलीकडे यंत्रास तिसरे दैवत ठाऊक नाही. शके एकोणीसशे त्रेचाळीस, प्लवनाम संवत्सरे, भाद्रपद शुद्ध नवमी, सौम्यवासरे, कोणे एके दौलतीत वर्तमान जैसे वर्तले तैसे लिहिले असे.

दौलतीस अठरा कारखाने पूर्वापार होते आणि एकोणिसावा प्रोग्रामखाना नवा, त्याच्या कारभारीण वृंदाबाई चौबळ, सी भाषेत वीस वर्षे हात बसलेला. धरणाचे पाणी लिटरांत मोजणारा प्रोग्राम त्यांचाच, आणि त्याच्या आकड्याबरहुकूम धरणाचे दरवाजे आपसूक उघडत व मिटत. प्रोग्रामाचा मजकूर यंत्राच्या बोलीत उतरवून देणारा जो दुभाषी, त्यास कंपायलर म्हणतात. जुन्या यंत्राचा एक होता आणि दिवाण निळकंठराव यांनी वाजतगाजत आणविलेल्या नव्या यंत्राचा दुसरा. प्रोग्राम नव्या यंत्री नेते समयी दिवाणांनी पुसिले की काही बदलावे लागेल काय, आणि बाई बोलिल्या की एक अक्षर नाही, मग तैसे कागदावर सही करून दिले.

नवमीस प्रहर दिवसास पाणी दोनशे चौदा कोटी लिटरांपुढे सरकले आणि नव्या यंत्राने आकडा सांगितला तो उणे दोनशे चौदा कोटी. दिवाणांनी तत्काळ मसलत भरविली आणि सर्वानुमते ठरले की धरण रिकाम्याहूनही रिकामे जाहले, सबब टँकर लावून प्रथम शून्यापर्यंत आणावे. टँकर निघाले, वरून नदीही येतच होती, आणि उणे आकडा घटत घटत दोन प्रहरी उणे एकशे एकोणतीस कोटींवर आला, तेव्हां दिवाण बहुत संतोष पावले आणि टँकर दुप्पट करविले.

इतक्यात धरणावरचा दरवाजेवाला तुळाजी भोई याचा फोन वृंदाबाईंस आला. त्याने सांगितले की पाणी भिंतीच्या माथ्यास दोन हात उरले, दिवेलागणीस वरून वाहील, भिंत मातीची, टिकणार नाही. मग म्हणाला, "बाईसाहेब, खाली सोनखांब हाय. तीनशे घरं. त्यातलं एक माझं. हातानं चाक फिरवून दरवाजे उघडू का?"

बाई धावत दिवाणांकडे गेल्या. दिवाण शांतपणे बोलिले, "चाकाला लेखी हुकूम लागतो, बाई, आणि हुकमाला आकडा लागतो. रिकामे धरण उघडले असे उद्या कोणी लिहिले, तर मी काय सांगू?"

मग बाई यंत्रापाशी बैसल्या आणि शोध करिता उमगले ते ऐसे की, मोठ्या पूर्णांकास त्यांनी 'लाँग' नावाचा साठा दिला होता, त्यास जुना कंपायलर चौसष्ट घरे, म्हणजे बिट, देई आणि नवा, थाटाने दुप्पट असून, देई बत्तीसच. शेवटचे घर चिन्हाचे, तेथवर पाणी चढले की अधिकाचे उणे होई. बाईंनी चौसष्ट घरे नावानिशी मागून घेतली आणि दोन प्रहरची नोंद पुन्हा घालून पाहिली. उत्तर आले उणे एकशे एकोणतीस कोटी, शेवटच्या अंकापर्यंत तेच. ती सही डोळ्यांपुढे आली, आणि फोनवर तुळाजी म्हणत होता की आता एक हात.

बाईंनी प्रोग्राम ओळीओळीने पुन्हा वाचला आणि मग ध्यानी आले की बेरीज कधीचीच सुधारली होती, परंतु आकडा बाहेर पुकारणारी जी ओळ, तीस अद्याप जुनाच हुकूम होता, म्हणून ती बत्तीस घरे वाचून उरलेल्या घरांविषयी मौन धरीत होती. तेव्हां बाईंनी एक वेगळे पान केले, त्यांत लिहिले की जो कंपायलर येईल त्याने चौसष्ट घरांस आपल्या बोलीत जे म्हणतात तेच साठविताना घ्यावे आणि तेच पुकारताना घ्यावे. प्रोग्राम चढविला. यंत्राने सांगितले तीनशे सहा कोटी, आणि पाची दरवाजे एकदम उघडले. माथ्यास चार बोटे उरली होती.

दुसरे दिवशी दिवाणांनी चौकशी करून निकाल दिला की पाण्याने आकड्याची वाट न पाहता वाढणे हे गैरशिस्त होय, आणि बाईंस शालजोडी देऊ केली. बाईंनी शालजोडी न घेता जुने यंत्र मागितले. दिवाण म्हणाले, "अहो, ते भंगारात काढले आहे."

"म्हणूनच मागते," बाई बोलिल्या. "दोघे दुभाषी एकच आकडा सांगतील, तर मी सही करीन. एकट्याच्या सांगण्यावर एकदा केली."

येणेप्रमाणे उणे पाणी दौलतीतून गेले, यंत्रे दोन राहिली, टँकर बंद करण्याचा कागद दिवाणांपुढे पडून आहे. सोनखांबी त्या सांजेस चुली पेटल्या, गुरे बांधली, जेवणे जाहली, दुसरे काही घडले नाही. सबब तेथील हकीकत लिहिली नाही.