चतुराबाईंच्या ओठाचा कोपरा

माणसाला स्वतःचा चेहरा दिसत नाही, म्हणूनच निसर्गाने शेजारी निर्माण केले आहेत. याच तत्त्वावर बरकतपुऱ्यात व्यक्तिचित्र सुधार मंडळ चालते. दर रविवारी सभासद आपापली रेखाटने भिंतीला टेकवून ठेवतात आणि बाकीचे त्यांतले दोष दाखवतात. दोष दाखवणे हे इथे मायेचे काम समजले जाते, आणि इतकी मायाळू माणसे एका छपराखाली सापडणे कठीण.

मंडळाचा नियम एकच, पण कडक. जो दुसऱ्याच्या चित्राला ‘छान’ म्हणेल, त्याने सगळ्यांना उस्मानिया बिस्किटे खिलवायची. स्तुतीने हात बिघडतो, हे त्यामागचे शास्त्र. त्यामुळे मंडळाचा चहा वर्षानुवर्षे बिस्किटांविना नुसताच प्यायला गेला.

मार्गदर्शक तिघे: इंदुताई (डोळे, उरलेल्या चेहऱ्यात त्यांना रस नाही), उमाजी (भूमापन खात्यातून निवृत्त, नाक ही त्यांच्या मते दोन गालांमधली हद्द असते) आणि अविनाश (यांनी कैक वर्षांत पेन्सिल धरलेली नाही, त्यामुळे त्यांचे मत निःपक्षपाती असते). मंडळाच्या पाहणीनुसार शंभरांतले नव्याण्णव चेहरे मुळातच चुकलेले असतात. शंभरावा अजून तपासायला आलेला नाही.

लक्ष्मणराव विमा कचेरीतून निवृत्त होऊन इथे आले आणि त्यांना फायदाही झाला, हे कबूल केले पाहिजे. पूर्वी त्यांनी काढलेले कान चेहऱ्याच्या ओळखीचे वाटत नसत. आता ते जागेवर बसू लागले. तेव्हा त्यांनी मनातली गोष्ट काढायला घेतली. आपल्या बायकोचे, चतुराबाईंचे चित्र.

चतुराबाईंच्या तोंडावरून मागे वारे गेले होते. बाकी सगळे सावरले, पण हसताना ओठाचा डावा कोपरा खालीच राहतो. तेव्हापासून त्यांनी फोटो काढू दिलेला नाही. पुतण्याच्या लग्नातसुद्धा त्या वाढप्यांत राहिल्या. नवऱ्यासमोर मात्र बसल्या. “तुमी काढता तर काढा,” म्हणाल्या, “पण पुरं झाल्याबिगर मला दाखवू नक्को.”

लक्ष्मणरावांनी तो कोपरा होता तसा काढला. ते हसू त्यांना फार आवडे. अर्धे हसू लोकांसाठी आणि अर्धे आपल्यासाठी राखून ठेवलेले, असे त्यांना वाटे.

रविवारी चित्र भिंतीला लागले आणि मंडळ पुढे सरसावले. उमाजींनी तोंड उघडले, त्यांना बिस्किटे आठवली आणि ते म्हणाले, “ओठ हद्द सोडून गेलाय.” इंदुताईंना डावा डोळा उजव्याला दाद देईना असे दिसले. “अहो, ती हसतेच तशी,” लक्ष्मणराव म्हणाले. अविनाशनी समजावले, की प्रत्यक्ष माणूस हा काही पुरावा होत नाही. त्यावर तिघांचे एकमत झाले.

एकट्या माणसाला काय कळते? लक्ष्मणरावांनी रबर घेतला. रविवारमागून रविवार ओठ वर आला, डोळे जुळले, गाल समसमान वाटले गेले. अखेर एका रविवारी कुणालाच दोष सापडला नाही. मंडळात याहून मोठा सन्मान नाही.

चित्र घरी आले. चतुराबाईंनी हात पुसून ते उजेडात धरले आणि बराच वेळ पाहिले.

“बाई खूबसूरत हाय,” त्या म्हणाल्या. “म्हणजे तुमालाबी माजं तोंड असंच पायजे होतं.”

लक्ष्मणराव काकुळतीला आले. मंडळाचे नियम त्यांनी सांगून पाहिले; बायकोसमोर ते नियम फार दुबळे ठरले. मग त्यांनी तो कोपरा पुन्हा खाली आणायचा घाट घातला, पण खोडून खोडून कागद तिथे इतका झिजला होता की पेन्सिल टेकताच भोक पडले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

शेवटी त्यांनी नवा कागद आणला आणि हात जोडले. चतुराबाई मनाने मोठ्या. पुन्हा समोर बसल्या. फक्त या वेळी त्यांनी पदर ओठांवर धरला आणि तो काही केल्या खाली घेतला नाही. लक्ष्मणरावांनी जसे दिसले तसे काढले.

हे चित्र भिंतीला लागले तेव्हा उमाजींना राहवले नाही. “छान!” ते म्हणाले. “काय तो पदर! काय ती लाज!” इंदुताईंनी मान डोलावली, अविनाशनी टाळी दिली, आणि मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा बिस्किटे आली. लक्ष्मणरावांनी एकालाही हात लावला नाही.

त्यामुळे थोडी शिल्लक आहेत. आपण कधी घरातल्या कुणाचा फोटो काढताना “जरा तोंड नीट कर” असे म्हणाला असाल, तर रविवारी जरूर या. आपल्या वाटणीचे काढून ठेवले आहे.