तेरा आडवे, चार घरं

‘दामिनी लेडीज टेलर’ या पाटीखाली आणखी एक ओळ होती, आणि ती पाटीपेक्षा मोठ्या अक्षरांत होती: ‘एकदा शिवलेले उसवून मिळणार नाही.’

ही धमकी नव्हती बरं का, अभिमान होता! बावीस वर्षांत दामिनीनं एक टाका मागे घेतला नव्हता. ती कुठल्या क्लासात शिकली नव्हती. आईच्या जुन्या ब्लाउजवर खडू फिरवून, रद्दीतले पेपर कापून ती आपली आपण शिकली होती. अशा माणसाला चूक कबूल करणं फार जड जातं. मास्तर आपण, विद्यार्थी आपण, मग कबूल करायचं कोणाजवळ? घरात शिवण उसवायची सुईसुद्धा नव्हती. कोणी मागितली की म्हणायची, “डॉक्टरनं दवाखान्यात तिरडी ठेवावी का?”

शब्दकोडंसुद्धा ती पेननंच भरायची.

कोड्याचा रिवाज असा होता. नागपुरात मानेवाड्याच्या एका ले-आउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, दामिनी आणि शोभाताई यांच्या घरांमध्ये छातीएवढी कंपाउंडची भिंत होती. दर रविवारी सकाळी तर्री-पोहे आटोपले की भिंतीवर पेपर पसरायचा. वाऱ्यानं उडू नये म्हणून दोन कोपऱ्यांवर दोन कप. आडवे शब्द शोभाताईंचे, उभे दामिनीचे. शोभाताई वयानं सात वर्षं मोठ्या, पण पेन्सिलीनं लिहायच्या. पेन्सिल दोऱ्यानं खोडरबराला बांधलेली. त्या हलक्या हातानं लिहायच्या आणि पटलं की म्हणायच्या, “दामिनी, पेन आन वं.” मग दामिनी वरून शाई फिरवायची. सतरा वर्षं असं चाललं. भिंतीचा तेवढा भाग कोपरांनी गुळगुळीत झाला होता.

मग ब्लाउज मध्ये आला.

शोभाताईंच्या रोहितचं लग्न. वरमाईचा ब्लाउज दुसरं कोण शिवणार? मोरपंखी रंगाचा, काठाचा, बाहीला टिकल्या. ऐन मांडवात शोभाताई सुनेच्या डोक्यावर हात ठेवायला गेल्या आणि हात कोपराच्या वर जाईचना! वर नेला की सगळा ब्लाउज पाठीवर चढे. आजही त्या अल्बममध्ये बघा, शोभाताई प्रत्येक फोटोत सुनेच्या कोपराला आशीर्वाद देत आहेत.

“दामिनी,” त्या हळूच म्हणाल्या, “बाह्या उलट्या लागल्या वं. डावीची उजवीले गेली.”

हळूच म्हणाल्या होत्या. दामिनीनं मात्र मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं उत्तर दिलं. “बाह्या बरोबर आहेत! देवानं तुमचेच हात उलटे बसवले, त्याले मी काय करू?”

व्याह्यांकडच्या बायका खळखळून हसल्या. दामिनीही हसली. शोभाताई हसल्या नाहीत.

चार महिन्यांनी रोहितला बुटीबोरीत कंपनीजवळ घर मिळालं आणि शोभाताई त्याच्याबरोबर गेल्या. सामानाचा टेम्पो निघाला तेव्हा दामिनी मशीनवर बसून होती. सुईत दोराच नव्हता, तरी पायडल मारत होती.

बुटीबोरी म्हणजे काही अमेरिका नाही. तासाभराची बस. पण कधीकधी तासाभराच्या बसमध्ये चढायला माणसाला वर्ष लागतं.

त्या वर्षभराच्या रविवारांचं काय सांगावं! दामिनी एकटीच भिंतीवर पेपर पसरायची. उभे शब्द भरायची. आडव्यांना हात लावायची नाही. ते तिचे नव्हतेच! अशी अर्धी कोडी घडी घालून ती मशीनच्या खणात ठेवू लागली आणि खण लागेना.

“फोन कर ना तिले,” रुपराव म्हणाला. रुपराव म्हणजे तिचा नवरा, कळमना बाजारात संत्र्याच्या आडतीवर मुनीम. घरी येताना दबलेली संत्री आणायचा आणि सोलता सोलता सल्ले द्यायचा.

“फोनवर काय म्हणू?”

“म्हण, चुकलं.”

“इतकं सोपं असतं तर कोडं कशाले म्हटलं असतं!”

रुपरावला यात कोडं कुठं आलं ते कळलं नाही. पण दामिनीला तिथंच युक्ती सुचली. त्यांच्या भागात एक साप्ताहिक निघायचं. त्यात ‘वाचकांचे कोडे’ असं सदर होतं. तिनं लगेच तिथल्या अंकुशला फोन लावला. “तुमचा पेपर बुटीबोरीत जाते का गा?”

“जातो ना काकू. जाहिरात द्यायची आहे का?”

“त्याच्यापेक्षा महत्त्वाचं!”

बेत साधा होता. कोडं असं रचायचं की उभे शब्द कोणालाही सुटावेत, पण आडवे ओळखावेत शोभाताईंनी. आणि मधोमध, तेरा आडवे, चार घरं: ‘उसवणे.’ शोभाताईंनी तो शब्द भरला की त्यांना कळेल. तोंडानं बोलायला नको, पायांनी जायला नको. छापूनच येईल!

उत्तर ठरलं, पण सूचना काही केल्या बसेना. ‘घातलेले टाके मागे घेणे.’ छे, हे तर कोणीही सांगेल. ‘केलेले न केल्यासारखे करणे.’ सरकारी वाटतं. ‘जास्तीचे बोललेल्या बाईने आता काय करावे.’ हे लिहिलं आणि तिनंच घाईघाईनं खोडलं. पेननं लिहिलेलं, त्यामुळे खोडलेलं जास्तच ठळक दिसायला लागलं. ‘भिंतीपाशी एकटे उभे राहून जे करावेसे वाटते ते.’ इथं मात्र तिनं पेन खाली ठेवलं. गिऱ्हाईक दारात ओरडत होतं, “दामिनीताई, माझा फॉल!” आणि ताई चार घरांसाठी चौदावी सूचना लिहीत होत्या. शेवटी तिनं लिहिलं: ‘टेलरने बावीस वर्षांत न केलेली, पण करायला हवी होती ती गोष्ट.’

बाकी आडव्यांना फारसा विचार लागला नाही. ‘मधुमेह असून चोरून खाल्लेली, चार घरं’: संत्राबर्फी. ‘दोऱ्यानं बांधलेली, तीन घरं’: पेन्सिल. आणि वर एक ओळ: ‘भिंतीपलीकडच्या मैत्रिणीस.’

आता खाडाखोड झालेला कागद पाठवायचा कसा? पक्की प्रत हवी. दामिनीनं तिला येत होतं तेच केलं. खाली कोरा कागद, मध्ये निळा कार्बन, वर कोड्याचा कागद, आणि रेघांवरून दातेरी चाक फिरवलं, जसा ब्लाउजचा माप-कागद उतरवतात तसा. फक्त एक झालं. टेलर एक बाही कापतो, आणि दुसरीसाठी तोच कागद पालथा घालतो. बावीस वर्षांची सवय! हातानं कोड्याचाही कागद पालथा घातला. शाईची काळी घरं पाठीमागूनही छान दिसत होती. मग त्याच पालथ्या कागदाशी एकेका घराचा ताळा करून तिनं आकडे लिहिले, सूचनांची सुवाच्य यादी जोडली आणि स्वतः नेऊन दिली.

रविवारी कोडं छापून आलं. खाली नाव, आणि नावाखाली मोबाइल नंबर.

पहिला फोन आठला. “ज्याले मधुमेह आहे त्याले म्हणा, रात्री मेथ्या भिजत घाला.” दुसरा फोन, “आडवे शब्द कोणत्या भाषेत आहेत?” दहा वाजेपर्यंत फोन गरम होऊन मशीनवर ठेवावा लागला. सोमवारी रुपराव कळमन्याहून घामाघूम होऊन आला.

“तुझ्या कोड्यानं आडत बंद पाडली! तिघं हमाल रिकाम्या टोपल्यांवर बसून तुझं एक आडवे शोधून राहिले. संत्री उन्हात!”

मंगळवारी धोंडबा गुरुजींचा फोन आला. गुरुजी म्हणजे निवृत्त हेडमास्तर, ले-आउटमध्ये कोणाच्या लग्नपत्रिकेतही ऱ्हस्व-दीर्घ सोडायचे नाहीत.

“बाई, उभे सगळे सुटले. आडवा एकही बसत नाही. तुमचं एक आडवे पार उजव्या कोपऱ्यात आहे. त्याच्या पुढे कागदच संपतो! शब्द लिहावा कुठं, टेबलावर?”

दामिनीनं पेपर ओढून पाहिला, एक आडवे खरंच उजव्या कोपऱ्यात होतं. पण तोंड डोळ्यांचं ऐकतं कुठं!

“गुरुजी, कोडं बरोबर आहे! तुमचा चष्माच उलटा बसला असेल!”

पलीकडे गुरुजींनी वर्गात छडी आपटावी तसा फोन आपटला.

रुपराव अर्धं सोललेलं संत्रं हातात धरून म्हणाला, “दामिनी, हे मी आधीबी कुठंतरी ऐकलं आहे.”

लगेच अंकुशचा फोन. “काकू, तक्रारी येऊन राहिल्या. दुरुस्ती छापू का? ‘चुकीबद्दल दिलगीर आहोत’ म्हणून?”

“दिलगीर-बिलगीर काही नाही! एकदा छापलं ते छापलं!”

फोन ठेवला आणि ती पाटीकडे बघत बसली. गुरुजींना सुटलं नाही तरी चालेल, कळमन्याला सुटलं नाही तरी चालेल. पण बुटीबोरीत कोणी तरी पेन्सिल घेऊन बसलं असेल, आणि त्या पेन्सिलीलाही तेरा आडवे सापडलं नसेल, तर? शोभाताईंना असंच वाटलं असेल ना, की दामिनीनं पुन्हा थट्टा केली, या वेळी छापून?

त्या आठवड्यात दामिनीनं तीन ब्लाउज कापायला घेतले आणि तिन्ही तसेच बाजूला ठेवले. कात्री चालेना. शोभाताईंचा नंबर दोनदा लावला. “हॅलो” ऐकलं आणि दोनदा ठेवून दिला. आवाज तेवढा ऐकून घेतला.

पुढच्या रविवारी ती सवयीनं भिंतीपाशी गेली. कप ठेवला. एकच.

“दामिनी, पेन आन वं.”

आवाज भिंतीपलीकडून आला! शेजारी आता नवे भाडेकरू होते. त्यांच्या अंगणात, त्यांच्या तुळशीशेजारी, शोभाताई उभ्या होत्या. खांद्याला पिशवी, हातात साप्ताहिक, कपाळावर बसचा घाम.

“शोभाताई! तिकडे काय करून राहिल्या? फाटकातून या ना!”

“फाटकातून नाही येत मी. कोड्यासाठी आली, पाहुणपणाले नाही.” त्यांनी पेपर भिंतीवर आपटला. “आधी बर्फीचं सांग! रोहितनं कोडं वाचलं. म्हणते, आई, हे तूच ना? आठ दिवस झाले, साखरेचा डबा कुलपात! चहात गोडाचं नावबी नाही!”

“मले वाटलं, तुम्हालेच कळंन...”

“साऱ्या नागपूरले कळलं! मलेच कळत नव्हतं. तीन दिवस आडवं जुळवून राहिली मी. मग म्हटलं, थांब. हे कोणी रचलं? दामिनीनं. दामिनीचा हात कसा चालते? कागद पालथा घालून!” त्यांनी पिशवीतून पावडरच्या डबीचा आरसा काढला आणि कोड्याशेजारी उभा धरला. “पाह्य.”

दामिनीनं पाहिलं. आरशात काळी घरं तिनं आखली होती तशी, जागच्या जागी बसली होती. एक आडवे डाव्या कोपऱ्यात. आणि पेपरवर, तेरा आकड्यापासून मागे मागे, उजवीकडून डावीकडे, हलक्या पेन्सिलीनं लिहिलेली चार अक्षरं: उ, स, व, णे.

दामिनीच्या जिभेवर उत्तर तयारच होतं. ‘तुमचा आरसाच...’ तिथपर्यंत ते आलंही होतं. ती ते आवंढ्याबरोबर गिळायला लागली. बावीस वर्षांचं होतं, उतरायला वेळ लागला.

“चुकलं,” ती म्हणाली.

“कोडं?”

“कोडंबी.”

“आन?”

“बाह्याबी.” आणि मग, इतक्या हळू की तुळशीलाही ऐकू गेलं नसावं, “आन ते हाताचं बोलली, तेबी.”

शोभाताईंनी नाक पुसलं. म्हणाल्या, घाम आहे. मग पिशवीत हात घालून त्यांनी मोरपंखी ब्लाउज काढला आणि पेपरवर ठेवला.

“मग पेन राहू दे,” त्या म्हणाल्या. “दुसरं काही आन.”

घरात दुसरं काही होतं कुठं! शेवटी रुपरावचं दाढीचं ब्लेड आणलं. अर्धी दाढी झालेला रुपराव फेस लावून दारात उभा राहिला आणि बायकोला शिवण उसवताना बघू लागला, जसं लोक ग्रहण बघतात. टाका तुटला की बारीक टिक असा आवाज येई. दामिनीला वाटलं होतं, दुखेल. दुखलं नाही. उलट एकेका टाक्यासरशी कोणी तरी मानेवरची एकेक गाठ सोडवत असावं तसं होत गेलं. दोघी बोलत होत्या. सून चांगली आहे, पण कोडं मोबाइलवर सोडवते. बुटीबोरीच्या घराला भिंत आहे, पण पलीकडे कंपनीचं गोदाम आहे. दामिनीनं खणातली अर्धी कोडी आणून दाखवली. शोभाताई ती एकेक उलटत राहिल्या.

दोन्ही बाह्या सुट्या झाल्या तेव्हा चार वाजले होते. पाचची बस होती.

“लावायले एक आठवडा लागंन,” दामिनी ब्लाउजकडे बघत म्हणाली.

अख्खा ब्लाउज दोन तासांत शिवणारी बाई! शोभाताईंनी तिच्याकडे पाहिलं.

“दोन बाह्यांले आठवडा?”

“कापड नाजूक आहे.”

शोभाताईंनी दोऱ्याची पेन्सिल भिंतीवर ठेवली, आणि जाताना ती उचलायला विसरल्या. इतक्या वर्षांत त्या ती कधी विसरल्या नव्हत्या.

सोमवारी अंकुशकडे दुरुस्ती गेली. गुरुजींकडे संत्री गेली. पाटीवरची ती ओळ रुपरावनं रंग मारून बुजवली.

पुढच्या रविवारी शोभाताई साडेनऊला आल्या, फाटकातून. ब्लाउज अंगात घातला, आरशासमोर उभ्या राहिल्या आणि आशीर्वादाला हात वर नेला.

हात कोपरापाशी थांबला.

रुपरावनं पेपर तोंडासमोर धरला.

“दामिनी,” शोभाताई सावकाश म्हणाल्या, “डावीची पुन्हा उजवीले गेली वं.”

“अगं बाई! खरंच की!” दामिनी म्हणाली. “आता पुन्हा उसवावं लागंन. पुढच्या रविवारी या.”

शोभाताई काही म्हणणार होत्या. तेवढ्यात त्यांचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. भिंतीवर पेपर पसरलेला होता. दोन कोपऱ्यांवर दोन कप होते. आणि दोऱ्याच्या पेन्सिलीशेजारी नवं कोरं ब्लेड सकाळपासूनच काढून ठेवलेलं होतं.