गोगटे मॅडमचे जावई

गोगटे मॅडमना दोन जावई आहेत आणि दोघेही बाटलीत राहतात.

मुलगी त्यांना नाहीच. एकच मुलगा, तो कॅनडात. पण उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात, बायोटेकच्या लॅबमध्ये, खिडकीशेजारच्या फळीवर दोन मोठ्या बाटल्या उभ्या असतात. एक टीएई, दुसरी टीबीई. दोन्ही बफर, म्हणजे जेल चालवायचं पाणी. खरवसाच्या वडीसारखा एक थर करायचा, तोच जेल, त्याच्या एका कडेच्या खाचांत डीएनए भरायचा, थर बफरमध्ये बुडवायचा आणि वीज सोडायची. डीएनए लाल वायरीकडे निघतो. छोटे तुकडे पुढे पळतात, मोठे मागे रेंगाळतात. एवढंच. पण बफर कोणता, हा प्रश्न आला की मॅडम पदर खोचतात.

"टीएई हा धाकटा जावई. चटपटीत. मोठे तुकडे त्याच्याकडे द्यावेत. पण जरा जास्त वेळ राबवा, लगेच दमतो. थोरल्याचं तसं नाही. टीबीई दिवसभर उभा राहील, हूं की चूं करणार नाही."

"पण मॅडम, टीबीईनंतर काही एन्झाइम्स नीट चालत नाहीत ना?" एखादी हुशार मुलगी विचारते.

"थोरला आहे तो! थोडा मानपान असणारच."

मी त्यांच्या हाताखालची लेक्चरर. एकदा मी जेल टीएईमध्ये केला आणि टाकीत चुकून टीबीई ओतला. मॅडमनी मला वर्गासमोर झापलं. "शिल्पा, एकाच्या मांडवात दुसऱ्याला बसवलंस! आता काय तोंड दाखवू मी व्याह्यांना?" कोणते व्याही, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

थोरल्याला बोरिक ॲसिड लागतं. एकदा ऐन प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी ते संपलं. मॅडम तडक कॅम्प तीनच्या बाजारात गेल्या. तिथल्या दुकानदाराने समजूत घातली, "मॅडम, बोरिक तो बोरिक होता है. ये कॅरमवाला ले जाओ, एकदम फाईन!" मॅडमनी ते आणलं. दुसऱ्या दिवशी बाटलीत ताकासारखं काहीतरी तयार झालं आणि कितीही ढवळलं तरी निवळेना. मॅडमनी ते ओतून दिलं आणि उरलेली पावडर स्टाफरूमच्या कॅरमला अर्पण केली. फिजिक्सचे पाटील सर तेव्हापासून राणी सोडत नाहीत.

शनिवारच्या प्रॅक्टिकलला मात्र धाकट्याला सुट्टी. फक्त टीबीई, आणि तोही साठ व्होल्टवर. म्हणजे वाट बघा. लॅबमध्ये खायला सक्त मनाई, म्हणून सगळी वरात बाहेर पॅसेजमधल्या बाकांवर. मॅडमच्या डब्यातली कोथिंबीरवडी, दिव्या नावाच्या विद्यार्थिनीच्या आईने दिलेलं दाल-पकवान, मग गप्पा, भेंड्या, कुणाचं ब्रेकअप, कुणाच्या घरचं भांडण. "मॅडम, स्पीड वाढवा ना यार," पोरं कुरकुरायची आणि डब्यात हात घालायची.

अशातच आमच्याकडे नवे विभागप्रमुख आले. मराठे सर. अंबरनाथला शिवमंदिराजवळ राहतात, चालतातसुद्धा धावल्यासारखे. त्यांनी तिसरीच बाटली आणली. झटपट बफर. व्होल्टेज कितीही चढवा, तापत नाही, पंधरा मिनिटांत जेल तयार.

"हा जावई नाही," मॅडम बाटलीकडे बघून म्हणाल्या, "हा कुरिअरवाला आहे."

शेवटी ठरलं की शनिवारी दोन टाक्या शेजारी-शेजारी लावायच्या. झटपटवाला जिंकला तर पुढे प्रॅक्टिकल त्याच्यावरच. मॅडम दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत.

शनिवारी सरांनी ऐटीत नमुने भरले, बटण दाबलं आणि फोन आला म्हणून बाहेर गेले. परत येऊन बघतात तर जेल कोरा! नमुन्यांत मिसळलेला निळा रंग पुढे सरकायच्या ऐवजी मागच्या मागे टाकीत विरघळलेला. सोबत पोरांचा डीएनएही गेला. सर बाटली हलवून बघायला लागले, कॅटलॉग नंबर मोठ्याने वाचायला लागले.

मी टाकीकडे पाहिलं. लाल वायर काळीच्या जागी, काळी लालच्या. एफवायचं पोरगंही असं करत नाही. मग मॅडमकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघत होत्या.

मी त्यांना स्टोअररूममध्ये ओढलं. "मॅडम! तुम्ही?"

"हो, मीच," त्या म्हणाल्या. आवाज चढवायचा प्रयत्न केला, पण तो मध्येच फुटला. "पंधरा मिनिटांत जेल झाला तर पोरं लगेच घरी जातील गं. मी बदलापूरला जाऊन काय करू? हे गेल्यापासून शनिवार-रविवार त्या फ्लॅटमध्ये लिफ्टच्या आवाजाशिवाय काही नसतं. सोमवारी हजेरी घेताना घसा खाकरावा लागतो मला."

मला गलबलून आलं. इतकी वर्षं मी टीबीईच्या गुणांवर परीक्षेत उत्तरं लिहून घेत होते, आणि त्याचा खरा गुण मला माहीतच नव्हता.

आम्ही बाहेर आलो तेव्हा सरांना वायरी दिसल्या होत्या. "हे कुणी जोडलं?"

"मी, सर," मी म्हणाले. "सॉरी. पण तुमचा बफर चांगलाच आहे. परीक्षेला तोच वापरू. शनिवारी मात्र टीबीई राहू द्या. सगळं पटकन झालं की पोरं एकमेकांशी बोलत नाहीत."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं. दाराबाहेर पोरांनी डबा उघडलाही होता.

"बरं, राहू द्या," सर म्हणाले.

मॅडम टीबीईच्या टाकीपाशी गेल्या, चष्मा वर केला आणि साठावरचं व्होल्टेज हळूच चाळीसवर आणलं.