चूलबंद आवतण

लेक अयानच्या वलिम्यात, म्हणजे लग्नानंतरच्या जेवणात, अन्न कमी पडू नये आणि कुणी रुसू नये, एवढंच मकसूदभाईंचं मागणं होतं. बावडा गावात ही दोन्ही मागणी एकदम करणं म्हणजे उजनी धरण चाळणीनं उपसायला घेणं. गावात आवतणाच्या तीन तऱ्हा. काहींना बोलवायचंच नाही, काहींच्या घरचा एक माणूस, आणि जवळच्यांना चूलबंद. म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, म्हातारीपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळ्यांनी यायचं.

अकरा वर्षांपूर्वी सावळाराम मेसवाल्यानं लेकीच्या लग्नात मकसूदभाईंना, आपल्या लंगोटीयाराला, एका माणसाचं आवतण धाडलं होतं. तेव्हापासून दोघं एकमेकांच्या सावलीलाही उभे राहत नव्हते.

या वेळी आवतणं बारामतीत नोकरीला असलेल्या लेकीनं, नौशीननं, क्लाउडवर टाकली.

"अब्बा, यादीचा प्रोग्राम माझ्या हापिसातल्या कुशलनं आर भाषेत केलाय. कुणाला काय निरोप द्यायचा, ते मी पायथनमध्ये लिहिलंय. आन् फोन लावणारा प्रोग्राम जावात हाय."

"तीन भाषा? आन् एकाच घरात नांदत्यात?"

"एकाच प्लॅटफॉर्मवर. ज्याला जे लागंल ते तो पुरवतो. एखादा पडला तर उचलून उभा करतो, गर्दी झाली तर एकाचे दहा करतो."

मकसूदभाईंनी टोपी सारखी करून बायकोला हाक मारली. "सायराबानू, ऐकलंस का? आपल्यात दोन भाऊ एका चुलीवर टिकलं न्हाईत!"

नौशीननं बटण दाबलं. चहा निवायच्या आत सहाशे घरांतल्या फोनवर मकसूदभाई आधी भरून ठेवलेल्या आवाजात एकदम बोलले, आणि खुर्चीतले मकसूदभाई तोंड मिटून बसलेले! त्यांच्या अंगावर असा काटा आला, की दारातल्या बाभळीनं स्वतःचे काटे मोजून पाहिले म्हणतात.

रविवारी बारा वाजता मांडवात पाय ठेवायला जागा उरली नाही. ज्यांच्यातला एकच माणूस यायचा, ती घरं म्हाताऱ्यांच्या बाजेसकट आली. मेहुणा फिरोज फोनच आला नाही म्हणून तोंड फुगवून आला, पण बत्तीस माणसं घेऊन. बिर्याणी पाचशेंची, माणसं हजारावर.

सायराबानू बिर्याणीच्या डेगेत वाकून म्हणाली, "आवं, तळ दिसाय लागला!"

नौशीननं लॅपटॉप उघडला आणि ती पांढरी पडली. "अब्बा, कुशलची भाषा एकापासून मोजती, माझी शून्यापासून. त्याचा एक म्हंजे बोलवू नका, माझा एक म्हंजे एक माणूस. सगळं गाव एक पायरी वर सरकलं! चूलबंदवाल्यांचा त्याचा आकडा तीन, त्यो माझ्याकडं न्हाईच. म्हणून जवळच्यांना फोनच न्हाय गेला."

"मग ज्यांना बोलवायचंच नव्हतं, ते?"

उत्तर मांडवाच्या दारात उभं होतं. सावळाराम. कडक फेटा, आणि एकटा.

"एका माणसाचं आवतण हुतं," तो म्हणाला, "एकटाच आलो. झाली का फिट्टंफाट?" मग त्याची नजर डेगेकडं गेली. जन्म भांड्यांत गेलेला माणूस. त्याला तळ नुसत्या आवाजावरूनही कळायचा. "मकसूद, मला तोंडानं चूलबंद म्हण. बाकीचं माज्यावर सोड."

"हितं हायेत त्येंनाच पुरंना, आन् तुजी चूल आनखी?"

"म्हण तर खरं."

मकसूदभाई दोन पावलं पुढं आले. हा शब्द कुठल्या क्लाउडला सांगून भागणार नव्हतं. "सावळाराम... चूलबंद ये."

सावळारामची चूल म्हणजे लोणी देवकरच्या कारखान्यांतल्या कामगारांची मेस. तासाभरात दोन टेम्पो आले. एकात शेगड्या, पातेली आणि तांदळाची सहा पोती. दुसऱ्यात सुट्टीवरचे साठ कामगार. कुणी उडिया बोले, कुणी भोजपुरी, कुणी तेलुगू. एकानं तांदूळ धुतला, दुसऱ्यानं फोडणी टाकली, तिसरा पंगतीतून बादली घेऊन पळाला. एकाचं बोलणं दुसऱ्याला कळेना, पण वाढप कुठं अडेना. दमून कुणी बसलं की चार नवे उठत.

मकसूदभाई मांडवाचा खांब धरून बघत राहिले. "नौशीन, ह्यालाच म्हनत्यात का गं प्लॅटफॉर्म?"

नौशीननं लॅपटॉप मिटला आणि पदर खोचून वाढायला धावली.

सारं गाव ढेकर देऊन गेलं, तरी पातेल्यात दोघांपुरतं उरलं. दोघं दोस्त समोरासमोर बसले. सावळारामनं पहिला घास तसाच हातात धरला.

"मकसूद, तवा माजं बी चुकूनच झालतं. यादी म्हेवण्यानं केलती. तुजं नाव भलत्याच रकान्यात घातलं त्यानं."

अकरा वर्षं घशात अडकलेलं काहीतरी मकसूदभाईंच्या पोटात उतरलं. त्यांनी सगळं समजल्यासारखी मान डोलावली, आणि जाणत्या सुरात विचारलं,

"कंच्या भाषेत केलती?"